सगळे अल्बम सारखेच वाटतात, मग सगळेच का ऐकायचे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडचे संगीत मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे, आणि हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याकडून एकच प्रश्न मला वारंवार येतो: या बँडचे १७ स्टुडिओ अल्बम आहेत, त्या सगळ्यांत तीच धावती बेस गिटार, तीच दोन गिटारींची जोडीने वाजणारी धून आणि तीच युद्धांची, समुद्रांची, जुन्या दंतकथांची गाणी असतील, तर दोन-तीन अल्बम ऐकून थांबले तर काय बिघडले? प्रश्न रास्त आहे. गाणे बांधण्याची मेडनची पद्धत ४० वर्षांत फारशी बदललेली नाही, हे मलाही मान्य आहे. बदलत गेले ते ध्वनिमुद्रण. कोणत्या खोलीत, कोणाच्या देखरेखीखाली, किती वेळात आणि किती पैशांत हे संगीत टेपवर उतरले, यावर प्रत्येक अल्बमचा पोत ठरला आहे आणि त्या पोतातला फरक कानाला एकदा कळू लागला की दोन अल्बम सारखे वाटणे बंद होते.

हा फरक कशामुळे पडतो हे समजण्यासाठी आधी स्टीव्ह हॅरिसच्या उजव्या हाताकडे पाहावे लागते. पूर्व लंडनच्या लेटन भागातल्या या बेस वादकाने १९७५ च्या अखेरीस बँड काढला आणि बँडचा कर्ता आजही तोच आहे. बहुतेक रॉक बँडमध्ये बेस गिटार खाली राहून आधार देते. हॅरिस मात्र ती पुढे येऊन वाजवतो. तो पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी पट्टी, वापरत नाही, बोटांनी वाजवतो, आणि एक लांब व दोन आखूड अशा आघातांची घोडदौडीसारखी लय इतक्या जोराने काढतो की तारा बेसच्या दांड्यावर आपटून प्रत्येक सुराबरोबर धातूचा खणखणाट ऐकू येतो. मैदानात हे विलक्षण वाटते. ध्वनिमुद्रकापुढे मात्र ती मोठीच अडचण असते, कारण बेसचा हा खणखणाट आणि गिटारींचा विकृत केलेला, म्हणजे डिस्टॉर्शनचा, आवाज हे दोन्ही एकाच पट्ट्यात, म्हणजे सारख्याच उंचीच्या स्वरांत, येऊन एकमेकांना झाकतात, तर खालच्या पट्ट्यात बेस ड्रम आणि बेस गिटार एकमेकांच्या वाटेत येतात. कोणाला किती जागा द्यायची, हा प्रश्न मेडनच्या प्रत्येक ध्वनिमुद्रणापुढे होता. त्याचे उत्तर मात्र प्रत्येक वेळी वेगळे निघाले.

सुरुवात अगदी हातातोंडाशी गाठ असलेली. १९७८ च्या डिसेंबरमधले शेवटचे दोन दिवस या मुलांनी केंब्रिजच्या स्पेसवर्ड स्टुडिओत घेतले आणि चार गाणी मुद्रित केली. स्टुडिओचे भाडे देण्यात पैसे संपले, मूळ मास्टर टेप विकत घेण्यापुरते उरले नाहीत, आणि काही आठवड्यांनी ते पैसे जमवून परत गेले तेव्हा ती टेप पुसून तिच्यावर दुसरेच काही मुद्रित झालेले होते. हातात राहिली ती फक्त प्रत. तीच प्रत त्यांनी वायव्य लंडनमधल्या ‘साउंडहाउस’ या हेवी मेटलच्या अड्ड्यावर गाणी लावणाऱ्या नील के याला नेऊन दिली. त्याने ती इतकी वाजवली की तिथल्या श्रोत्यांच्या पसंतीच्या यादीत ‘प्राउलर’ पहिल्या क्रमांकावर गेले. नोव्हेंबर १९७९ मध्ये त्यातली तीन गाणी ‘द साउंडहाउस टेप्स’ या नावाने निघाली, प्रती ५०००, विक्री टपालाने. पुढे जे जे झाले त्याची मुळे या तीन गाण्यांत आहेत असे मला वाटते. आवाज पातळ आहे, खोलीचा अंदाज येत नाही, पण चार माणसे एकाच वेळी एकाच दिशेने धावत आहेत हे स्वच्छ कळते.

डिसेंबर १९७९ मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला आणि लगेच पहिल्या अल्बमचे काम निघाले, पण योग्य प्रोड्यूसर, म्हणजे ध्वनिमुद्रणावर देखरेख करणारा माणूस, सापडेना. एकाच्या हाताखाली आवाज गढूळ येत होता. दुसरा, ‘स्वीट’ या बँडचा गिटार वादक अँडी स्कॉट, हॅरिसने बेस पिकने वाजवावी असा हट्ट धरून बसला. हॅरिसने नकार दिला. कंपनी दारात उभी असताना, हाती एकही अल्बम नसताना एका नवख्या वादकाने हा नकार दिला, याला मी फार मोल देते, कारण त्या दिवशी त्याने मान डोलावली असती तर मेडनचा आवाज आज आपल्याला ठाऊक आहे तसा राहिलाच नसता. शेवटी जानेवारी १९८० मध्ये लंडनच्या किंग्सवे स्टुडिओत विल मेलोन याच्याकडे काम सोपवले गेले. मेलोनने पुरेसे लक्ष घातले नाही, जवळजवळ सगळे आम्हालाच करावे लागले, ही हॅरिसची तक्रार नंतर कायम राहिली. एप्रिलमध्ये आलेला ‘आयर्न मेडन’ ब्रिटनच्या खपाच्या यादीत चौथ्या क्रमांकावर पोचला. अल्बमचा आवाज कोरडा आणि खरखरीत आहे, गिटारी जवळ आणि ड्रम्स लांब वाटतात. हॅरिसला तो आवडत नाही, मला आवडतो. तेव्हाचा गायक पॉल डिॲनो याच्या रस्त्यावरच्या, धारदार गळ्याला तो खडबडीतपणा शोभतो आणि ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ या गाण्यातल्या सात मिनिटांच्या वळणावळणांत तो वादकांना कुठेही लपू देत नाही.

यानंतर आला मार्टिन बर्च, आणि मेडनच्या ध्वनिमुद्रणाची गोष्ट खऱ्या अर्थाने इथून सुरू होते. डीप पर्पलच्या ‘इन रॉक’पासून ‘मेड इन जपान’पर्यंतच्या अल्बमांवर ध्वनिमुद्रक म्हणून त्याने काम केले होते, रेनबोचा ‘रायझिंग’ आणि ब्लॅक सबाथचा ‘हेवन अँड हेल’ त्याने घडवले होते. जोरात वाजणाऱ्या माणसांचा जोर कमी न करता त्यांना वेगवेगळे कसे ऐकवायचे, हे त्याच्याइतके त्या काळात फार थोड्यांना जमत होते. १९८१ ते १९९२ या काळातले मेडनचे आठ अल्बम त्याचे आहेत. पहिला ‘किलर्स’, लंडनच्या विल्सडन भागातल्या बॅटरी स्टुडिओत केलेला. गाणी बहुतेक जुनीच होती, पहिल्या अल्बमात न बसलेली. त्यामुळे पहिला आणि दुसरा अल्बम एकापाठोपाठ ऐकले की रचना तशाच राहून केवळ प्रोड्यूसर बदलला तर काय होते हे जवळजवळ प्रयोगासारखे समोर येते. ड्रम वादक क्लाइव्ह बर याचे ड्रम्स एकदम जवळ येतात, स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमचा प्रत्येक फटका छातीवर बसतो, बेसचा खणखणाट गिटारींच्या वर स्वतःची अरुंद जागा पकडतो. ‘किलर्स’ला समीक्षकांनी पुढच्या अल्बमच्या सावलीत ढकलले, हे मला कधीच पटलेले नाही, ड्रम्सच्या आवाजासाठी मी आजही तोच काढते.

१९८२ चा ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ त्याच स्टुडिओत झाला, पण गायक आता ब्रूस डिकिन्सन होता. जुन्या बँडच्या करारात तो अडकलेला असल्याने गीतकार म्हणून त्याचे नाव अल्बमवर येऊ शकले नाही. बर्चने त्याच्याशी काय केले ते मात्र कानांना ऐकू येते. शीर्षकगीताच्या सुरुवातीच्या, दबक्या आवाजात म्हणायच्या ओळी त्याने डिकिन्सनकडून तासन्‌तास पुन्हा पुन्हा म्हणून घेतल्या, इतक्या की तो वैतागून गेला, आणि त्या ओळी संपल्यावर जी प्रदीर्घ किंकाळी येते तिच्यात तो सगळा वैताग उतरला असे स्वतः डिकिन्सनने सांगितले आहे. गायकाला थकवून, चिडवून, त्याच्या आत दडलेला आवाज बाहेर काढणे हा प्रोड्यूसरच्या कामाचाच भाग आहे, आणि बर्चला तो येत होता. हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. मेडनच्या वाट्याला हा मान पहिल्यांदाच आला. अल्बम निर्दोष मात्र नाही. ‘गँगलंड’ त्यात घेऊन ‘टोटल एक्लिप्स’ दुसऱ्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकले, हा निर्णय चुकला असे हॅरिसनेच पुढे मान्य केले आहे.

आता नासाऊ. बहामा बेटांवरचा कंपास पॉइंट हा स्टुडिओ आयलंड रेकॉर्ड्सच्या क्रिस ब्लॅकवेलने १९७७ मध्ये उभारला होता आणि एसी/डीसीचा ‘बॅक इन ब्लॅक’ तिथेच झाला होता. ‘पीस ऑफ माइंड’ आणि ‘पॉवरस्लेव्ह’ हे १९८३ आणि १९८४ चे दोन अल्बम मेडनने तिथे केले. दोन्ही वेळी गाणी लिहायला आणि तालमी करायला बँड आधी इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर एका हॉटेलात जाऊन राहिला, आणि संपूर्ण तयारीनिशीच स्टुडिओत उतरला. या क्रमाचे महत्त्व ऐकताना जाणवते. घड्याळ बघत, भाडे मोजत गाणे शोधणाऱ्या बँडचा आवाज आणि गाणे अंगात मुरवून आलेल्या बँडचा आवाज यांत फरक असतो. ‘पीस ऑफ माइंड’च्या पहिल्याच गाण्याची सुरुवात नव्या ड्रम वादकाच्या, निको मॅकब्रेनच्या, फटक्यांनी होते आणि तो एकाच बेस ड्रमवर, एकाच पायाने, जे काढतो ते दोन ड्रम वापरणाऱ्यांनाही सहज जमत नाही. माझ्या मते मेडनचा सर्वांत समतोल आवाज या अल्बमवर आहे: पाचही जण वेगळे ऐकू येतात आणि कोणी कोणाला ढकलत नाही.

‘पॉवरस्लेव्ह’ अधिक भव्य आहे. त्याच्या शेवटी इंग्लिश कवी कोलरिजच्या दर्यावर्दीच्या कवितेवर हॅरिसने बांधलेले तेरा मिनिटांहून लांब गाणे येते, आणि त्याच्या मध्यावर सगळा बँड थांबतो. उरतात फक्त बेसचे संथ सूर, जहाजाच्या लाकडाची करकर आणि वाचल्या जाणाऱ्या ओळी. इतक्या जोरकस संगीताच्या मध्यभागी ही निवांत जागा ठेवायची आणि तिथेही श्रोत्याला धरून ठेवायचे, हे रचनेइतकेच ध्वनिमुद्रणाचे श्रेय आहे, कारण टेपवर शांतता मुद्रित करणे कठीण असते. त्यानंतरचा दौरा जवळजवळ वर्षभर चालला आणि त्यातून ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ हा १९८५ चा दुहेरी अल्बम निघाला, ज्याचा बराचसा भाग कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या कार्यक्रमांचा आहे. ज्यांना एकच काहीतरी ऐकायचे आहे त्यांना मी तो देते, पण तुमचा प्रश्न स्टुडिओ अल्बमांचा आहे म्हणून पुढे जाते.

दमलेल्या बँडने १९८६ चा ‘समव्हेअर इन टाइम’ दोन देशांत केला: ड्रम्स आणि बेस नासाऊला, गिटारी आणि गायन नेदरलँड्समधल्या हिल्व्हरसम गावच्या विसलोर्ड स्टुडिओत. गिटारींना सिंथेसायझर जोडले गेले. डिकिन्सनने आणलेली शांत, साध्या गिटारीवरची गाणी बाकीच्यांनी नाकारली आणि गीतकार म्हणून त्याचे नाव या अल्बमवर कुठेच नाही. ऐकताना हा दोन देशांतला दुभंग मला जाणवतो. आवाज देखणा, चकचकीत आहे, पण सगळे एका खोलीत उभे आहेत असे वाटत नाही. १९८८ चा ‘सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन’ म्युनिकच्या म्युझिकलँडमध्ये, एका उंच इमारतीच्या तळघरात झाला. त्यात कीबोर्डचे सूर आले, सगळी गाणी एका कथासूत्रात गुंफली गेली, आणि इथे मात्र ती चकाकी कथेच्या कामी आली. बर्च आणि मेडन यांनी मिळून गाठलेले हे शेवटचे शिखर.

मग हॅरिसने उलट दिशा धरली. महाग स्टुडिओ पुरे झाले, पुन्हा साधेपणाकडे जाऊ या, म्हणून १९९० चा ‘नो प्रेयर फॉर द डाइंग’ त्याच्या इसेक्समधल्या घराच्या आवारातल्या धान्याच्या कोठारात मुद्रित झाला. यंत्रसामग्री होती रोलिंग स्टोन्सच्या फिरत्या स्टुडिओची, म्हणजे ट्रकमध्ये बसवलेली. सामान न लावलेल्या नव्या घरात आपलाच आवाज परका ऐकू येतो, तसे काहीसे या अल्बमचे झाले आहे: भिंती ऐकू येतात, पण त्या भिंती वाद्यांसाठी बांधलेल्या नाहीत. गिटार वादक एड्रियन स्मिथ बँड सोडून गेला होता, त्याच्या जागी आलेला जॅनिक गर्स नवा होता, आणि डिकिन्सनला ही कोठाराची कल्पना मानवली नव्हती. गंमत म्हणजे मेडनचे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेले एकमेव गाणे, ‘ब्रिंग युवर डॉटर टू द स्लॉटर’, याच अल्बमचे. दोन वर्षांनी त्याच कोठाराचा नीट स्टुडिओ केला गेला आणि ‘फिअर ऑफ द डार्क’ तिथे झाला. आवाज पुष्कळ सुधारला. हॅरिसचे नाव बर्चच्या जोडीला प्रोड्यूसर म्हणून आले. त्यानंतर बर्च निवृत्त झाला. ऑगस्ट २०२० मध्ये तो गेला तेव्हा ज्यांनी त्याचे नाव कधी वाचलेही नव्हते अशा लाखो लोकांच्या कानांत त्याचे काम होते.

डिकिन्सनही गेला, ब्लेझ बेली आला, आणि हॅरिसने नायजेल ग्रीनबरोबर १९९५ चा ‘द एक्स फॅक्टर’ आणि १९९८ चा ‘व्हर्च्युअल इलेव्हन’ केला. दुसऱ्याबद्दल मला फारसे सांगायचे नाही. पहिल्याची बाजू मात्र मी आग्रहाने घेते. तो सत्तर मिनिटांचा, काळवंडलेला, संथ अल्बम हॅरिसच्या संसाराच्या पडझडीच्या काळातला आहे, आवाज पोकळ आणि कोरडा आहे, बेस गरजेपेक्षा पुढे आहे, आणि बेलीचा खालच्या पट्टीचा गळा जुन्या उंच स्वरांशी जुळत नाही. हे सगळे दोष खरे असूनही, किंवा त्यांच्यामुळेच, ‘साइन ऑफ द क्रॉस’ची अकरा मिनिटे मला एखाद्या थंड दगडी वास्तूत उभे करतात. चकचकीत ध्वनिमुद्रणाने ती गाणी मारली असती.

१९९९ मध्ये डिकिन्सन आणि स्मिथ परतले, गर्सही राहिला, आणि बँडमध्ये तीन गिटारी झाल्या. नवा प्रोड्यूसर केव्हिन शर्ली याने पॅरिसच्या गियोम टेल स्टुडिओत २००० च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’साठी सगळ्यांना एकत्र वाजवायला लावले, एकेकाचा भाग वेगळा मुद्रित करून जोडण्याऐवजी बँड जसा मंचावर वाजवतो तसा टेपवर घेतला. तिथपासूनचे सगळे अल्बम, हा धरून एकूण सहा, शर्लीचेच आहेत. २००६ च्या ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’चे तर मास्टरिंगही केले नाही: मिक्सिंगनंतर आवाजाला शेवटचा जो एकसारखा हात फिरवतात तो फिरवलाच नाही, कारण स्टुडिओत ऐकू आले तेच लोकांनी ऐकावे असा आग्रह होता. या पद्धतीचे मोल मी मानते. तरीही माझी एक तक्रार आहे. तीन गिटारी एकाच पट्ट्यात वाजत असताना शर्ली त्यांना बर्चसारखे वेगळे करत नाही, त्यामुळे गर्दीच्या जागी धून अंगावर येण्याऐवजी विरघळते, आणि हेडफोनवर ती गर्दी फारच टोचते. २०१५ च्या ‘द बुक ऑफ सोल्स’च्या शेवटी मात्र, आर-१०१ या वायू भरलेल्या हवाई जहाजाच्या, म्हणजे एअरशिपच्या, १९३० मधल्या अपघातावरचे डिकिन्सनचे अठरा मिनिटांचे गाणे पियानोने सुरू होते आणि त्या पियानोभोवती शर्लीने ठेवलेली मोकळी हवा पाहून ती तक्रार काही काळ विसरते. या अल्बमचे मुद्रण झाल्यावर डिकिन्सनला कर्करोगाचे निदान झाले आणि उपचारांसाठी प्रकाशन लांबले. २०२१ चा ‘सेनजुत्सु’ही पॅरिसचाच. तो मुद्रित झाला २०१९ मध्ये, पण महासाथीमुळे दोन वर्षे कपाटात राहिला.

मेडनच्या अधिकृत ध्वनिमुद्रणांत आपल्या मुंबईचाही आवाज आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. १ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांच्या जागतिक दौऱ्याची सुरुवात वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर झाली, बँडचे विमान स्वतः डिकिन्सन चालवत होता, आणि त्या दौऱ्यातून निघालेल्या ‘फ्लाइट ६६६’ या २००९ च्या अल्बमवर प्रत्येक गाणे वेगळ्या शहरातले आहे. त्यातले पहिले, ‘एसेस हाय’, मुंबईचे. गाण्याआधी वाजवले जाणारे चर्चिलचे भाषण संपून गिटारी सुरू होतात त्या क्षणी जो जल्लोष ऐकू येतो तो इथल्या लोकांचा आहे. ‘पॉवरस्लेव्ह’वरची मूळ नासाऊची प्रत आणि ही प्रत लागोपाठ लावून पाहा, तेच गाणे किती वेगळ्या हवेत वाजते ते कळेल.

आणि सतराही अल्बमांसाठी आज वेळ नसेल तर निदान एवढे करा. ‘प्राउलर’ हे एकच गाणे मेडनने तीनदा मुद्रित केले आहे: १९७८ साली केंब्रिजमध्ये, दोन दिवसांच्या भाड्यात, १९८० साली पहिल्या अल्बमसाठी, आणि १९८८ साली पुन्हा, डिकिन्सनच्या आवाजात, ‘द ईव्हल दॅट मेन डू’ या रेकॉर्डच्या जोडगाण्यांपैकी एक म्हणून. पहिल्या अल्बमच्या आवाजाबद्दलचे हॅरिसचे असमाधान आठ वर्षांनीही मिटले नव्हते, याचीच ती तिसरी प्रत खूण आहे असे मला वाटते. तिन्ही मिळून साधारण बारा मिनिटे लागतील. गायकाकडे फार लक्ष देऊ नका, तो फरक लगेच कळतो. पहिल्यांदा फक्त स्नेअर ड्रम ऐका, दुसऱ्यांदा फक्त बेस, आणि तिसऱ्यांदा गिटारी कुठे उभ्या आहेत ते.